गुरुग्रामची गाडी कराडला आणताना

पत्र असं आहे:

"माझा मोठा भाऊ गुरुग्रामला नोकरीला आहे. त्याची डिझेल अर्टिगा फेब्रुवारी २०१६ ची, हरियाणा पासिंगची, पहिल्यापासून त्याच्याच हातात. दहा वर्षं झाली म्हणून तो ती काढतोय. परक्याला देण्यापेक्षा तुम्हालाच साडेतीन लाखांत देतो म्हणाला. आमचा गॅरेजवाला म्हणतो, बीएस फोरच्या गाड्या आता ट्रान्सफरच होत नाहीत, पैसे पाण्यात जातील. भाऊ म्हणतो, माझ्याच नावावर राहू दे, बाहेरच्या पासिंगची गाडी वर्षभर चालते, पुढचं पुढे बघू. यजमान म्हणतात, लग्नसराईत भाडी मारली तर पैसे सुटतील. कोणाचं ऐकू? आणि दिल्लीतला दहा वर्षांचा नियम उद्या इथे आला तर? – सौ. म. ज., कराड"

ताई,

तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. गाडी मात्र घ्या, ती वाईट नाही. अट एकच: ती तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर होणार असेल तरच. आणि साडेतीन लाख हा आकडा पक्का करायच्या आधी इथल्या आरटीओत किती मोजावे लागतील ते विचारून या.

गॅरेजवाल्याला खोटं पाडायचं नाही, त्याने अर्धं बरोबर ऐकलंय. त्याचा घोळ 'रजिस्ट्रेशन' या शब्दाने झालाय. २४ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ४, म्हणजे बीएस फोर, या प्रदूषण मानकाची गाडी विकायची नाही आणि नोंदवायचीही नाही. हे शोरूममधल्या कोऱ्या गाड्यांबद्दल होतं. कंपनीतून निघालेल्या गाडीची पहिली नोंदणी बंद झाली. जी गाडी आधीच कोणाच्या तरी नावावर रीतसर नोंदलेली आहे, ती दुसऱ्याच्या नावावर करायला किंवा दुसऱ्या राज्यात नेऊन नवा नंबर घ्यायला त्या निकालाची आडकाठी नाही. आज रस्त्यावर धावणाऱ्या बीएस फोर गाड्या रोज हात बदलतायत. तुमच्या गॅरेजवाल्याच्या दारातही त्यातल्या दोन-चार उभ्या असतील.

जाता जाता एक. अनोळखी माणसाकडून गाडी घेणाऱ्या वाचकांनी हा निकाल उलट्या बाजूने वापरावा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की तिचं प्रदूषण मानक आणि नोंदणीची तारीख दोन्ही दिसतात. मानक भारत स्टेज ४ आणि पहिली नोंदणी एप्रिल २०२० नंतरची, अशी जोडी दिसली तर विक्रेत्याला आधी त्याचा खुलासा विचारा. त्या काळात न विकलेल्या गाड्या भंगारात काढल्याचं दाखवून खोट्या कागदांवर रस्त्यावर आणल्याचे गुन्हे दाखल झालेले आहेत. तुमच्या भावाच्या गाडीला ही शंका नाही. ती २०१६ ची आहे, आणि राजधानी क्षेत्रात मोटारींना बीएस फोर २०१० पासूनच लागू होतं. त्या वर्षी देशातल्या फक्त १३ शहरांना ते लागू झालं. त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. पुढे ते टप्प्याटप्प्याने पसरत गेलं आणि १ एप्रिल २०१७ ला सगळ्या देशाला लागू झालं. त्यामुळे आपल्या भागात २०१६ चीच एखादी जीपगाडी बीएस थ्री निघू शकते आणि दादाची अर्टिगा बीएस फोर. गाडीच्या वर्षावरून मानक ठरवू नका, आरसीवर किंवा ॲपवर वाचा.

आता दहा वर्षांचं. हा नियम राष्ट्रीय हरित लवादाच्या ७ एप्रिल २०१५ च्या आदेशातून आला. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायची नाही. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचंही तेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. गुरुग्राम हरियाणात असलं तरी राजधानी क्षेत्रातच येतं, म्हणून दादा घायकुतीला आलाय. पण त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत असल्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं, कॅमेरे लागले, आणि थोड्याच दिवसांत ते थांबवावं लागलं. १२ ऑगस्टला न्यायालयाने सांगितलं, केवळ वय झालं म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. १७ डिसेंबर २०२५ ला त्यात दुरुस्ती झाली आणि हे संरक्षण बीएस फोर आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच राहिलं. दादाची गाडी त्यात बसते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की उद्या सकाळी कोणी येऊन दादाची गाडी उचलून नेणार नाही. कागदांना महिना-दोन महिने लागले तर लागू देत. 'आधी गाडी घेऊन जा, मग कागद बघू' असं म्हणण्याचं आज काही कारण उरलेलं नाही.

आणि तो नियम कराडला? महाराष्ट्रात खासगी डिझेल मोटारीला दहा वर्षांची मर्यादा नाही. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे या गाडीची फेब्रुवारी २०३१ पर्यंत. त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्याची फी मात्र एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये झाली. पूर्वी ती ६०० होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती १०,००० केली. सरकारला जुनी गाडी नकोशी आहे हे त्यावरून ओळखा. मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हळूहळू बंद करता येतील का, हे पाहायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समितीही नेमली. उद्या मुलाच्या शिक्षणासाठी ठाण्या-मुंबईला बिऱ्हाड न्यायचा विचार असेल तर ते लक्षात ठेवा. कराडला राहणार असाल तर पुढची पाच वर्षं या कारणाने झोप उडवून घेऊ नका.

आता दादाच्या 'वर्षभर चालते' कडे येतो. खरं तर याच एका वाक्यासाठी मी तुमचं पत्र निवडलं.

वर्षभराची गोष्ट हवेतून आलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये ती आहे. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. दादाची बदली पुण्याला झाली असती आणि तो स्वतःची गाडी घेऊन आला असता तर हे बारा महिने त्याचे होते. तुमची गोष्ट निराळी आहे. तुम्ही पैसे देऊन गाडी विकत घेताय. तिथे कलम ५० लागतं. विकत घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आपल्या भागातल्या आरटीओला कळवून गाडी नावावर करून घ्यायची. भावाने भाऊबीजेची ओवाळणी म्हणून फुकट दिली तरी तेच. आरटीओच्या खिडकीत भाऊबीजेचा वेगळा फॉर्म मिळत नाही.

'घरातल्या घरात कसलं ट्रान्सफर' हे मी आयुष्यभर ऐकलंय. आरटीओसमोर टेबल टाकून सत्तावीस वर्षं लोकांचे मालकी बदलाचे टीटी फॉर्म (म्हणजे २९ आणि ३०) भरले, आणि स्वतःच्या गाडीला तेच केलं. २००९ मध्ये माझी जुनी ओम्नी ओळखीतल्या एकाच्या पुतण्याला दिली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, तारीख कोरी सोडली, म्हटलं सावकाश करून घे. त्याने केलंच नाही. त्याने ती तिसऱ्याला दिली, तिसऱ्याने चौथ्याला. चौथ्या वर्षी दारात बेलीफ उभा. घाटात अपघात झालेला, दुचाकीवरच्या माणसाचा पाय गेलेला, गाडीचा विमा संपलेला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालक म्हणून नाव माझं. मी त्या घाटात नव्हतो, गाडी माझी नव्हती, विकल्याचा कागद माझ्या कपाटात होता. वकील एवढंच म्हणाले, "साहेब, आरसीवर कोण आहे ते सांगा." तीन वर्षं तारखा केल्या आणि शेवटी तडजोडीत माझ्या वाट्याची रक्कम भरली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं: नोंदीत ज्याचं नाव तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची.

तेव्हा दादाला सांगा, नाव न बदलण्यात तुमच्यापेक्षा त्याचाच धोका मोठा आहे. यजमान कोल्हापूरला जाताना कुठे धडक झाली तर नोटीस गुरुग्रामला जाईल. भावा-बहिणीत वाकडं यायला तेवढं पुरतं.

तिकडची कामं दादाची. पहिलं, गाडीवरचा बोजा. कर्ज फिटून सहा वर्षं झाली असतील, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं, कारण शेवटचा हप्ता गेला की माणूस पेढे वाटतो आणि आरटीओला जायचं विसरतो. बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवायचा. तो उतरल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. मग ई-चलनं. दिल्ली-जयपूर रस्त्यावर दहा वर्षं गाडी चालवणाऱ्याने 'माझं एकही चलन नाही' म्हटलं तर प्रेमाने हसा आणि नंबर टाकून बघायला सांगा. सगळी भरायची. पीयूसी आणि विमा चालू हवा.

हे झालं की फॉर्म २८, म्हणजे दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी. तिच्यावर कोणत्या कार्यालयाकडे गाडी जाणार ते लिहिलेलं असतं, म्हणून दादाने अर्ज करण्याआधी तुम्ही कराडच्या आरटीओत जाऊन विचारा: राजधानी क्षेत्रातली दहा वर्षांवरची डिझेल गाडी इथे घेता ना, आणि कागद काय काय लागतील? तोंडी उत्तर मिळालं तरी चालेल, पण टेबलावरच्या माणसाकडून घ्या, फाटकाबाहेरच्याकडून नाही. (फाटकाबाहेर बसणारा मीच होतो, म्हणून सांगतो.) ॲपवर गाडीची स्थितीही बघून ठेवा. दिल्लीत वय झालेल्या लाखो गाड्यांची नोंदणी यंत्रणेनेच रद्द केलेली आहे. दादाची हरियाणाची आहे, तरी 'ॲक्टिव्ह' लिहिलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. पैसे बँकेतूनच पाठवा, भाऊ असला तरी.

मग सह्या. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर दादाची सही लागेल. दहा वर्षांपूर्वी आरसी काढताना त्याने मराठीत पूर्ण नाव लिहून सही केली असेल आणि आज तो बँकेत नुसती तीन वेटोळी काढत असेल. सही जुळत नाही म्हणून परत आलेली प्रकरणं मी मोजायची सोडून दिली होती. जुन्या कागदावरची सही समोर ठेवून तशीच करायला सांगा. दिवाळीला येईल तेव्हा करेल, यावर विसंबू नका. फॉर्म आधी टपालाने पाठवा.

एनओसी हातात आली की गाडी निघू द्या. राष्ट्रीय महामार्ग ४८ गुरुग्रामच्या दारातून निघतो आणि जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत तुमच्या कराडच्या अंगणातूनच पुढे कोल्हापूरला जातो. रस्ता चुकायची सोय नाही. सतराशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आहे, म्हणून निघण्याआधी टायर आणि बेल्ट बघून घ्या. दादाचा फास्टॅग एवढ्या प्रवासापुरता राहू दे. इथला नंबर पडला की तो बंद करून तुमचा नवा घ्यायचा.

इथे आल्यावर कराडच्या कार्यालयात एनओसी, फॉर्म २७ नव्या नंबरासाठी, २९ आणि ३० मालकी बदलासाठी, तुमच्या पत्त्याचा पुरावा, पॅन, विमा आणि पीयूसी. गाडी तपासणीला न्यावी लागेल. इन्स्पेक्टर चासी नंबर बघतो आणि फॉर्मवर त्याचा ठसा लागतो. पारदर्शक चिकटपट्टी नंबरावर लावायची, वरून पेन्सिल आडवी धरून घासायची, आकडे उमटले की पट्टी काढून फॉर्मवर चिकटवायची. दहा वर्षं उत्तरेतल्या पावसाधुळीत काढलेल्या गाडीचा नंबर गंजलेला असू शकतो. तो आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्याने पुसून ठेवा. सँडपेपर लावू नका. घासलेला नंबर दिसला की तुम्ही चोर ठरता.

आणि आता पैसा. दादाने हरियाणात भरलेला कर इथे वळता होत नाही. त्याचा परतावा मागायचा असेल तर अर्ज दादाचा आणि तो तिकडच्या कार्यालयात. महाराष्ट्रात तुम्हाला एकरकमी कर नव्याने भरावा लागेल. नव्या डिझेल मोटारीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर १३ टक्के आणि त्यापुढे १४-१५ टक्के दर असतो. जुन्या गाडीला तेवढा बसत नाही, वयाप्रमाणे उतरत जातो. पण हिशेब सुरू होतो मूळ बिलाच्या किमतीवरून, तुमच्या साडेतीन लाखांवरून नाही. म्हणून दादाकडून २०१६ चं मूळ बिल मागवा, आरटीओत दाखवा, आकडा कागदावर लिहून घ्या. त्यात फी, नव्या एचएसआरपी (जादा सुरक्षेच्या) नंबरपाट्या आणि प्रवासाचं डिझेल मिळवा. ही बेरीज साडेतीन लाखांत घालून त्याच पैशात आपल्याच भागातली एमएच पासिंगची अर्टिगा मिळत असेल, तर दादाला नम्रपणे सांगा, किंमत कमी कर नाहीतर तिकडेच विक. त्यात भावाचा अपमान नाही. तिकडच्या बाजारात त्या गाडीला काय मिळतंय हे त्यालाही माहीत आहे, म्हणून तर त्याला तुमची आठवण झाली.

विम्याचं थोडक्यात. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करा. समोरच्याच्या नुकसानीचा भाग आपोआप तुमच्याकडे येतो, तुमच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. आणि दादाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, दादाचाच. तो त्याच्या पुढच्या गाडीला जाईल. तुम्हाला फरक भरावा लागेल.

यजमानांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण भाडी मारायची नाहीत. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला भाड्याचा परवाना नसतो. पकडली तर दंड होतो, पण तो सोसवेल. वऱ्हाड घेऊन जाताना अपघात झाला आणि प्रवाशांनी पैसे दिल्याचं निघालं तर विमा कंपनी हात वर करते. तेव्हा सात माणसांची भरपाई तुमच्या शेतावर येईल. नात्यातल्या लग्नाला दोन खेपा मारून दिल्या, कोणी डिझेल भरलं, त्याला मी भाडं म्हणत नाही. लग्नसराई म्हणजे काय ते यजमानांना आणि मला दोघांनाही कळतं.

इंजिनाबद्दल थोडं, कारण गॅरेजवाल्याचा राग काढायला त्याला एक काम द्यायचंय. ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे इतक्या गाड्यांत होतं की कंपनीने २०२० मध्ये डिझेल मोटारी बंद केल्या तरी त्याचे पार्ट अजून गल्लोगल्ली मिळतात. बघायचं ते ईजीआर वाल्व. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा तो भाग काजळीने तुंबतो, आणि खर्च वाचवायला काही जण पत्रा लावून तो कायमचा बंद करून टाकतात. गाडी छान पळते, पण हवेत जायला नको ते जातं. दादाने कधी हे केलंय का ते त्याला नाही, त्याच्या मेकॅनिकला विचारा. पीयूसीत डिझेल गाडीचा धूर ॲक्सिलरेटर दाबून मोजतात. बीएस फोरला मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५ होती आणि बीएस सिक्सला ०.७. दादाकडून शेवटच्या तीन पीयूसींचे फोटो मागवा. आकडा वर्षागणिक वर चढत असेल तर इंजेक्टर आणि टर्बोचा खर्च किमतीतून वजा करा. प्रत्येक वेळी शेवटच्या अंकापर्यंत तोच आकडा असेल, तर गाडी पीयूसी केंद्रावर न जाता कागदच आलेला आहे. त्यावर विश्वास ठेवू नका, पुन्हा करून घ्या.

दादाला आज फोन कराल तेव्हा किमतीचं बोलू नका. आरसी समोर घ्यायला सांगा आणि तिच्यावर बँकेचं नाव अजून आहे का, ते मोठ्याने वाचायला लावा.